विज्ञानपटाची श्रेयनामावली आणि निर्मितीसंस्थेचा लोगो कसा तयार करावा

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी नावांची यादी हातात घ्या. कुणाचं नाव कुठे, कुणानंतर आणि किती मोठं, हे बऱ्याचदा करारातच ठरलेलं असतं. सर्वसाधारण प्रथा अशी: आधी निर्मितीसंस्था, मग प्रमुख कलाकार, चित्रपटाचं नाव, तंत्रज्ञ, निर्माते आणि शेवटी दिग्दर्शक. हा क्रम पक्का झाल्याशिवाय एकही फ्रेम बनवू नका.

आता कथेतून एकच नियम उचला. निळा उजेड, फिरणारा ग्रह आणि अंगावर येणारी धातूची अक्षरं कुठल्याही विज्ञानपटाला चिकटवता येतात, म्हणूनच ती कुठल्याच विज्ञानपटाची वाटत नाहीत. समजा, कथा मंगळावरच्या वसाहतीची आहे. तिथून निघालेला रेडिओ संदेश पृथ्वीवर पोचायला साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. हा उशीर हाच नियम धरा: आधी खरखर ऐकू येते, पडदा काळाच राहतो, थोड्या वेळाने नाव उमटतं. प्रत्येक नावागणिक हे अंतर किंचित वाढवत न्या. कुणी समजावून न सांगताही प्रेक्षकाला अस्वस्थ वाटू लागेल.

संयमाचा धडा १९७९च्या ‘एलियन’मध्ये आहे. रिचर्ड ग्रीनबर्ग यांनी केलेल्या त्या शीर्षकात अक्षरांच्या सुट्या रेषा एकेक करून दिसतात, आणि शब्द लागायला बराच वेळ जातो. देवनागरीत हे करताना मात्र शिरोरेषा आडवी येते. रोमन लिपीसारखं अक्षरांमधलं अंतर ताणलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. त्यावर उपाय असा: मजकूर आकृतीत बदलून घ्या, शिरोरेषा वेगळ्या लेयरवर (थरावर) काढा आणि हवी तेवढी हाताने लांबवा. मग ती क्षितिजासारखी आधी उगवू द्या, अक्षरं तिच्याखाली उतरतील. ती शेवटी आणली तर शब्द अखेरपर्यंत कोड्यात राहतो. भयपटाकडे झुकणाऱ्या कथेला हे जास्त शोभतं. वेलांट्या, मात्रा आणि रफार आपापल्या अक्षरासोबतच हलवा, नाहीतर मधल्या फ्रेममध्ये भलताच शब्द तयार होतो.

लोगोचं काम थोडं वेगळं आहे. तो संस्थेचा असतो आणि पुढच्या कौटुंबिक चित्रपटालाही चालायला हवा. म्हणून तो आधी काळ्या-पांढऱ्या रंगात, अंगठ्याच्या नखाएवढा करून पाहा. तेवढ्यातही ओळखू आला तरच त्याला हालचाल द्या. पाच-सात सेकंद पुरतात. या चित्रपटापुरती एक वेगळी आवृत्ती जरूर करा. १९९९च्या ‘द मेट्रिक्स’मध्ये वॉर्नर ब्रदर्सचा लोगोच हिरवट झाला होता, तर १९९५च्या ‘वॉटरवर्ल्ड’मध्ये युनिव्हर्सलच्या पृथ्वीगोलावर पाणी चढत गेलं. पण वितरकाच्या लोगोला लेखी परवानगीशिवाय हात लावू नका, तो त्यांचा ट्रेडमार्क असतो.

नाव किती वेळ ठेवायचं? सावकाश, मोठ्याने दोनदा वाचून होईल इतका. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशोबात ३ सेकंद म्हणजे ७२ फ्रेम, आणि त्या नाव पूर्ण उजळल्यावरच मोजायच्या. उजळण्या-विझण्याचा वेळ वेगळा.

तांत्रिक बाजू थोडक्यात. चित्रपटगृहासाठी २के (सुमारे दोन हजार पिक्सेल रुंदीच्या) चित्राचे दोन आकार असतात: जास्त रुंद पडद्याचा स्कोप म्हणजे २०४८ बाय ८५८ पिक्सेल, कमी रुंद फ्लॅट म्हणजे १९९८ बाय १०८०. अक्षरं मधल्या ९० टक्के भागातच ठेवा. काळ्या अवकाशात मंद उजेड पसरवला की त्यात पट्टे दिसतात; १०-बिटमध्ये, म्हणजे रंगांच्या जास्त छटा देणाऱ्या सेटिंगमध्ये काम करा आणि वर किंचित ग्रेन (फिल्मसारखा बारीक रवाळपणा) टाका. चांदण्या फार बारीक असतील तर कॅमेरा हलताच लुकलुकतात, त्या जरा मऊ करा. लखलखाट सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा नको, फोटोसेन्सिटिव्ह अपस्मार असलेल्यांना त्याने झटका येऊ शकतो. या सगळ्या कामासाठी ब्लेंडर हे त्रिमितीय अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, आणि दा विंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्तीही बहुतेक कामाला पुरते.

अंतिम रेंडरपूर्वी, म्हणजे सॉफ्टवेअरमधून पक्की व्हिडिओ फाइल काढण्याआधी, प्रत्येक नावाची फ्रेम ज्याची त्याला पाठवून ऱ्हस्व-दीर्घासकट लेखी होकार घ्या. शिवाय अक्षरांविना एक प्रत जपून ठेवा. दुसऱ्या भाषेतली आवृत्ती निघाली की पहिल्यांदा तीच मागितली जाते.