कार्बन फायबरचा रोध मोजताना : नव्याने येणाऱ्यांसाठी

एम.टेक.च्या प्रकल्पासाठी कार्बन फायबर आणि इपॉक्सी यांच्या लॅमिनेटची (इपॉक्सी या रेझिनने एकत्र चिकटवलेल्या कार्बन तंतूंच्या थरांची) विद्युतवाहकता हा विषय मी घेतला, तेव्हा रोध मोजणे हे दोन दिवसांचे काम आहे असे धरून चालले होते. प्रत्यक्षात त्यात दोन महिने गेले.

माझी पट्टी १० सेंटिमीटर लांब, १ सेंटिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड होती, आणि तिच्यातले सगळे तंतू लांबीच्या दिशेने होते. मल्टिमीटर लावला की आकडा कधी ४ ओहम, तर कधी ९ ओहम दाखवी आणि मीटरचे टोक जोरात दाबले की खाली येई. टी-३०० या जातीच्या कार्बन तंतूची रोधकता (पदार्थाचा स्वतःचा, आकारावर न अवलंबणारा गुण) सुमारे १.७ × १०⁻⁵ ओहम-मीटर, म्हणजे तांब्याच्या साधारण हजारपट असते. तंतूंचे प्रमाण ६० टक्के धरले तर या पट्टीचा रोध जेमतेम ०.१४ ओहम भरतो. थोडक्यात, मी पट्टी मोजतच नव्हते. वरचा रेझिनचा पापुद्रा, मीटरच्या टोकाचा स्पर्श आणि त्याच्या वायरी एवढेच मोजत होते.

म्हणून पट्टीची दोन्ही टोके बारीक पॉलिश पेपरने घासून तंतू उघडे करावेत, आणि कापलेली कडही सोडू नये, कारण वीज सर्व थरांत शिरायला हवी. मग सिल्व्हर पेंट लावून चार वायरी जोडाव्यात : बाहेरच्या दोन प्रवाहासाठी, आतल्या दोन व्होल्टेजसाठी. आतल्या वायरींतून प्रवाह जवळजवळ वाहत नसल्याने स्पर्शाचा रोध हिशेबातून निघून जातो.

तंतूंना आडव्या दिशेचे मापन अधिक बोलके असते. रेझिन विद्युतरोधक असल्याने त्या दिशेने वीज वाहायलाच नको; पण ७ मायक्रॉनचे तंतू पूर्ण सरळ नसतात, ते शेजाऱ्याला कुठेतरी टेकतात आणि वाट मिळते. या दिशेची रोधकता लांबीच्या दिशेपेक्षा शेकडो पटींनी जास्त असते, आणि लॅमिनेट किती दाबाखाली पिकवले (म्हणजे रेझिन घट्ट होऊ दिले) यावर ती बदलते, त्यामुळे कारागिरीचा दोष इथे आधी कळतो, असे माझे मत झाले आहे.

विमान उद्योगात जायचे असेल, तर बोईंग ७८७ च्या बाह्य थरात आकाशातल्या विजेपासून बचावासाठी तांब्याची जाळी का बसवतात, आणि अॅल्युमिनियमचा भाग कार्बन फायबरला थेट टेकवला तर अॅल्युमिनियमच का गंजते, हे नीट समजून घ्यावे.

लॅमिनेट कापताना पाणी सोडावे किंवा धूळ ओढून घेणारा पंप लावावा. मी शेजारच्या टेबलावर कोरडेच कापले. ती काळी धूळ पॉवर सप्लायच्या जाळीतून आत गेली आणि तिसऱ्या दिवशी तो शॉर्ट झाला.