पेशंट दारूच्या विथड्रॉवलमध्ये गेला की सिडेशन कसं द्यायचं: नवीन इंटर्न आणि जेआर-वन (पहिल्या वर्षाचे रेसिडेंट) यांच्यासाठी

नवीन जॉइन झालं की विथड्रॉवलचा, म्हणजे रोजची दारू अचानक बंद झाल्याने होणाऱ्या त्रासाचा पहिला कॉल बहुतेक वेळा ऑर्थो नाहीतर सर्जरीतून येतो. पाय मोडला म्हणून ऍडमिट झालेला माणूस, ऑपरेशन पुढे ढकललेलं, आणि तिसऱ्या रात्री सिस्टरचा फोन की पेशंट सलाईन उपटतोय, काहीतरी झोपेचं सांगा. फोनवर काही सांगू नका, उठून बेडपाशी जा. मी पाहिलेला एक रिक्षावाला कॉटवर बसून हवेत हँडल पिळत होता, मधेच वळून मागच्या पॅसेंजरला कुठे उतरायचं विचारत होता, घामाने चादर ओली, पल्स 140. त्याला सगळे बेवडा म्हणत होते पण तो खूप आजारी होता, डिलिरियम ट्रेमेन्सवर (विथड्रॉवलमधला भ्रम आणि थरथर) उपचार झाले नाहीत तर माणूस जातो.

शेवटची कधी घेतली, हा प्रश्न ऍडमिशनलाच विचारायचा. हात थरथरणं 6 ते 24 तासांत सुरू होतं, फिट साधारण 48 तासांच्या आत येते, डिलिरियम 48 ते 96 तासांत, म्हणजे शेवटची वेळ कळली की पुढचं बरंचसं आधीच दिसतं. किती घेतो याचं उत्तर पेशंटकडून क्वचितच खरं मिळतं, त्यापेक्षा बायकोला नाहीतर भावाला बाजूला घेऊन विचारा की सकाळी उठल्यावर हात थरथरतात का आणि घेतली की थांबतात का, आधी कधी दारू बंद केल्यावर फिट आली होती का.

औषध म्हणजे बेन्झोडायझेपाइन. रोजच्या दारूमुळे मेंदू गाबाला (मेंदू शांत ठेवणारं रसायन) दाद देईनासा होतो आणि उलट बाजूने ग्लुटामेटचा (मेंदू चेतवणारं रसायन) जोर वाढवून ठेवतो, दारू अचानक बंद झाली की तो जोर मोकाट सुटतो, बेन्झो गाबाचीच बाजू उचलून धरतं म्हणून फिटही टळते. तोंडाने घेणारा असेल आणि लिव्हर बरं असेल तर क्लोरडायझेपॉक्साइड, म्हणजे लिब्रियम. कावीळ, पोटात पाणी, वय जास्त असेल तर लोराझेपाम, कारण त्याचे ऍक्टिव्ह मेटाबोलाइट साठत नाहीत. नुसतं हॅलोपेरिडॉल देऊन गप्प करायचा मोह टाळा, फिटचा थ्रेशोल्ड खाली येतो, म्हणजे फिट सहज येते. डायझेपाम कमरेत देऊ नका, नीट शोषलं जात नाही.

आता डोस, सगळे घाबरतात ते इथेच. सीवा स्कोअर (CIWA-Ar, विथड्रॉवल किती तीव्र ते मोजायची पद्धत) शिकून घ्या, 10 मुद्दे, जास्तीत जास्त 67. स्कोअर बघून डोस द्यायची पद्धत ठरलेल्या वेळी गोळ्या देण्यापेक्षा कमी औषधात भागते, 1994 च्या एका अमेरिकन ट्रायलमध्ये मीडियन (मधला आकडा) धरला तर 425 ऐवजी 100 मिग्रॅ लिब्रियममध्ये काम झालं होतं. पण त्यासाठी कोणीतरी दर तासाला बघायला हवं आणि आपल्याकडे रात्री एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असतो, अशा वेळी ठरलेला डोस चालू ठेवून मधे स्वतः चक्कर मारणं मला जास्त सेफ वाटतं. पेशंट बरळत असेल तर सीवा चालतच नाही, तेव्हा सिनियरला उठवा, मॉनिटरवर घ्या, ऑक्सिजन आणि ऍम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हाताशी ठेवा, लोराझेपाम 2 मिग्रॅ हळूहळू आयव्ही देऊन 15-20 मिनिटांनी परत बघा, श्वास मोजा, मगच पुढचा डोस. हाक मारली की डोळे उघडेल इतकीच गुंगी हवी. बेडला बांधून निघून जाणं हा उपचार नाही, बांधलेला माणूस अजून झटापट करतो.

आणि सगळंच विथड्रॉवल नसतं. शुगर लगेच करा, डोक्याला मार आहे का बघा, पडलेल्या दारुड्याचा सबड्यूरल (कवटीच्या आत मेंदूवर साचलेलं रक्त) हमखास नजरेतून सुटतो, हाताला फ्लॅप (हात पुढे धरले की पंजे फडफडणं) असेल तर हिपॅटिक एन्सेफॅलोपथीचा (लिव्हर बिघडल्याने मेंदूवर होणारा परिणाम) विचार करा कारण तिथे बेन्झोने माणूस अजून खोल जातो. थायमिन (व्हिटॅमिन बी1) डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे ग्लुकोजच्या सलाईनच्या आधी, तेही आयव्ही, पण शुगर कमी असेल तर ग्लुकोज थायमिनसाठी अडवून धरू नका. मॅग्नेशियम, पोटॅशियम पाठवा.

पेशंट शांत झाला की डोस काही दिवसांत उतरवत आणा आणि घरी जाताना लिब्रियमच्या स्ट्रिप्स हातात देऊ नका, दारूवर त्या घेतल्या तर श्वास थांबू शकतो. सायकियाट्रीचा रेफरन्स डिस्चार्जच्या आधीच, पेशंट वॉर्डात असतानाच करून घ्या, नंतरची ओपीडीची तारीख बहुतेकजण पाळत नाहीत.