नायगाराच्या वाटेवर ईरीला थांबा

पिट्सबर्गला नवीन आलेल्या मराठी कुटुंबाचा पहिला उन्हाळा साधारण ठरलेला असतो. आई-बाबा भारतातून येतात, पेन हिल्सच्या वेंकटेश्वर मंदिरात दर्शन होतं आणि पुढच्या शनिवारी पहाटे गाडी नायगाराकडे निघते. इंटरस्टेट ७९ वरून सरळ उत्तरेला, दोन तासांनी ईरी गावाच्या अलीकडे उजवीकडे वळायचं आणि ९० धरायचा. आम्हीही पहिली तीन वर्षं तिथून असेच भुर्रकन गेलो. न वळता ७९ वरूनच पुढे गेलं की रस्ता जिथे संपतो, तिथून दहा-पंधरा मिनिटांवर प्रेस्क आइल स्टेट पार्क आहे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्हाला मी आधीच सांगून ठेवतो.

नकाशात पाहिलंत तर ईरी सरोवरात वाळूचा एक दांडा वाकड्या हातासारखा शिरलेला दिसेल. प्रेस्क आइल या फ्रेंच नावाचा अर्थ ‘जवळजवळ बेट’. गावातले लोक मात्र ‘द पेनिन्सुला’ एवढंच म्हणतात. ३,२०० एकरांची ही जागा १९२१ पासून राज्याच्या ताब्यात आहे. आत जायला तिकीट नाही आणि पार्किंगलाही पैसे नाहीत. पेनसिल्व्हेनियाच्या सगळ्याच स्टेट पार्कांत प्रवेश फुकट आहे. शेजारच्या काही राज्यांतून बदलून आलेल्यांना हे खरं वाटत नाही, ते गेटावर पाकीट काढून थांबतात.

या दांड्याला दोन बाजू आहेत, हे एवढं ध्यानात ठेवा. बाहेरच्या बाजूला उघडं सरोवर, वाळू आणि लाटा. आतल्या बाजूला शांत खाडी, तळी आणि पाणकणसांनी भरलेल्या पाणथळ जागा. आपली मंडळी बाहेरच्या बाजूला चटई अंथरतात, जेवतात, फोटो काढतात आणि परततात. खरी गंमत आतल्या बाजूला आहे. तरी पोरांना पाणी दिसलं की थोपवता येत नाही, म्हणून आधी बाहेरचंच सांगतो.

माझे वडील रत्नागिरीचे. पहिल्यांदा इथे आले तेव्हा क्षितिजापर्यंत पाणी बघून त्यांनी विचारलं, “भरती कधी आहे?” मग ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि माझ्याकडे फसवल्यासारखं पाहिलं. खारट नाही, भरती-ओहोटी म्हणावी अशी नाही, तरी लाटा आहेत. आपण ज्याला तलाव म्हणतो त्या मापात हे बसत नाही, आणि इथेच माणूस गाफील राहतो. ईरी हे पाच महासरोवरांतलं सगळ्यांत उथळ, सरासरी खोली १९ मीटर. पाणी उथळ असल्यामुळे वारा सुटला की लाटा बघता बघता उठतात. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दुपारी खवळलेलं असू शकतं.

पोहायचं ते जीवरक्षक बसलेले असतील तिथेच आणि तेव्हाच. हा हंगाम मे महिन्याच्या अखेरच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेपर्यंतचा. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर दगडांचे बांध दिसतात. असे ५५ बांध वाळू वाहून जाऊ नये म्हणून घातले, ते काम १९९२ मध्ये पुरं झालं. पोहत जाऊन त्यावर बसावं असं कॉलेजातल्या पोरांना हमखास वाटतं. तिथे जायला बंदी आहे, कारण बांधांच्या फटींतून प्रवाह ओढून नेतो. रबरी ट्यूब आणि हवा भरलेले मोठे हंस घरीच ठेवा. इथले किनारे उत्तरेकडे तोंड करून आहेत, म्हणजे दक्षिणेचा वारा तुम्हाला किनाऱ्यापासून आत ढकलतो, आणि नेमक्या त्याच वाऱ्यात पाणी किनाऱ्यालगत शांत दिसतं. माझ्या मुलाची ट्यूब अशीच गेली. मुलगा नशिबानं तिच्यात नव्हता.

किनाऱ्यांना क्रमांक आहेत. बरोबर लहान मुलं असतील तर थेट शेवटच्या बीच ११ ला जा. तो आडोशाला आहे आणि पाणी बरंच आतपर्यंत उथळ आहे.

जेवणाचं तुम्हाला शिकवायला नको. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मटकीची उसळ हे सगळं टिकतं आणि गार खाल्लं तरी चालतं. लोखंडी शेगड्या बसवलेल्या आहेत, कोळसा आपला न्यायचा. ऑगस्टमध्ये वाटेतल्या शेतावरून मक्याची कणसं घ्या आणि तिथेच भाजा. इथलं कणीस आपल्यापेक्षा गोड असतं, तेव्हा लिंबू-तिखट सढळ हातानं लावा. विझत आलेला कोळसा वाळूत पुरू नका. वरून दिसत नाही आणि पुढच्या कुणाच्या तरी पोराचा पाय भाजतो. आणखी एक. पेनसिल्व्हेनियाच्या स्टेट पार्कांत दारूला मनाई आहे, बिअरलासुद्धा. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. आमच्या पहिल्याच सहलीला रेंजर शांतपणे आले, कूलर उघडायला लावला आणि सगळ्या पोरांसमोर नियम समजावून गेले. त्यानंतर आमच्याकडे ताकच असतं.

गणेशोत्सवाच्या आसपास दरवर्षी कुणीतरी विचारतं की विसर्जन ईरीला करायचं का. नाही. मूर्ती, निर्माल्य, पणत्या, यातलं काहीही या पाण्यात सोडू नका. शाडूची मूर्ती घरच्या बादलीत सुंदर विरघळते.

आता आतली बाजू. दांड्यावरून साधारण १३ मैलांची सपाट, डांबरी वाट फिरते, चालायला आणि सायकलला. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांनाही ती झेपते, कारण चढ नावालाही नाही. सायकली भाड्यानं मिळतात. पण खाडीच्या बाजूच्या तळ्यांशी पोहोचलात की सायकल लावून ठेवा आणि गप्प उभे राहा. पाच मिनिटं बोलायचं नाही, एवढीच अट. ओंडक्यांवर ओळीनं ऊन खात बसलेली कासवं आधी दगडांसारखी वाटतात. आपल्या राखी बगळ्याचा थोरला भाऊ शोभेल असा ग्रेट ब्लू हेरॉन पाण्यात एका पायावर खिळलेला असतो. पाणकणसांच्या टोकावर खांद्याला लाल पट्टा असलेले काळे पक्षी झुलत असतात. उन्हाळ्यात पार्कतर्फे तळ्यांतून सपाट तळाच्या बोटीनं फुकट फेरी मारून आणतात. जागा मोजक्या असतात, त्यामुळे आल्या आल्या नाव नोंदवा, मग चटई पसरा. बरोबरचा मार्गदर्शक बोलका निघाला तर त्या फेरीत जेवढं कळतं तेवढं दिवसभर भटकूनही कळत नाही.

ही तळी झाली कशी, हे समजलं की पाहायला आणखी मजा येते. पश्चिमेकडून येणाऱ्या लाटा वाळू सतत पूर्वेला ढकलतात. टोकाशी नवा वाळूचा पट्टा तयार होतो, त्याच्यामागे पाणी कोंडतं आणि तळं बनतं. मग त्यात गवत, पाणकणीस, झुडपं आणि शेवटी झाडं येतात. म्हणजे पूर्वेच्या टोकाकडून जुन्या भागाकडे चालत आलात की ओसाड वाळूपासून घनदाट जंगलापर्यंतचा सगळा प्रवास एका दुपारी पायाखालून जातो. उलट बाजूला, मानेपाशी, म्हणजे दांडा जमिनीला जोडतो तिथे, वाळू झिजत असते. एकोणिसाव्या शतकात ही मान एकाहून जास्त वेळा तुटली आणि ‘जवळजवळ बेट’ खरोखरच बेट झालं होतं. आता वाळू आणून टाकावी लागते, आणि ते बांधही त्यासाठीच. कोकणात ज्यांनी किनारा खचताना पाहिलाय त्यांना हे दृश्य परकं वाटणार नाही.

पूर्वेच्या टोकाला गल पॉइंट म्हणतात. १ एप्रिल ते ३० नोव्हेंबर तिथल्या राखीव भागात जाता येत नाही, कारण पक्षी वाळूतच अंडी घालतात आणि विणीनंतरही स्थलांतर करणारे थवे तिथे विसावतात. निरीक्षण मनोऱ्यापर्यंतची पायवाट मात्र चालू असते. पाइपिंग प्लव्हर नावाचा वाळूच्याच रंगाचा चिमुकला पक्षी २०१७ साली इथे पुन्हा घरटं करून गेला, साठाहून जास्त वर्षांनी. हे कळल्यापासून आमच्याकडे त्या पाटीपुढे ‘जरा आत जाऊन एक फोटो’ असं कुणी म्हणत नाही.

पक्ष्यांची आवड असेल तर जुलै सोडा आणि मे महिन्यात या. उत्तरेला निघालेले वॉर्बलर सरोवर ओलांडण्याआधी इथे पोट भरायला उतरतात. आपल्याकडचे पक्षीनिरीक्षक ज्यांना वटवट्या म्हणतात त्यांच्यासारखेच चपळ, पण कूळ निराळं आणि रंग कितीतरी भडक. तेव्हा गर्दीही नसते.

मे-जूनचं आणखी एक. कासवांच्या माद्या अंडी घालायला रस्त्याकडेला येतात. गाडी हळू चालवा. स्नॅपिंग टर्टल दिसला तर मदतीला धावू नका. त्याची मान अंदाजापेक्षा लांब असते आणि चावा जबर.

कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच, असं आपण म्हणतो. इथे तीन पानांची आणखी एक वनस्पती आहे, पॉयझन आयव्ही, आणि तिच्याशी सलगी नको. वाटेच्या कडेला, झाडांच्या बुंध्यांवर सगळीकडे असते. हात लागला तर एक-दोन दिवसांनी खाज आणि फोड येतात. लागलाच तर लगेच साबणानं धुवा. दुसरी पीडा गोचिडीची. इथल्या गोचिडीतून लाइम नावाचा आजार होतो आणि पेनसिल्व्हेनियात त्याचे रुग्ण खूप आहेत. फुलपॅंट मोज्यात खोचायची, गवतातून शॉर्टकट मारायचा नाही, घरी गेल्यावर पोरांच्या कानामागे, काखेत, गुडघ्यांच्या मागे तपासायचं. खोचलेल्या मोज्यांमुळे फोटो वाईट येतात, ते चालवून घ्या.

गळ टाकायची हौस असेल तर सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो आणि या पाण्यासाठी वर वेगळा ईरी सरोवराचा परवाना. दोन्ही ऑनलाइन मिळतात. स्वतःची कयाक आणलीत तर तिलाही लाँच परमिट हवं.

पाऊस आला तर प्रवेशाशीच असलेल्या टॉम रिज केंद्रात शिरा. तेही फुकट आहे आणि आतल्या ७५ फुटी मनोऱ्यावरून सरोवर दिसतं. इतिहासवेड्यांसाठी खाडीच्या टोकाला अमेरिकी नौदलाचा सेनानी ऑलिव्हर हॅझर्ड पेरी याचं स्मारक आहे. १८१३ साली ब्रिटिशांशी सरोवरात झालेल्या लढाईसाठी पेरीच्या ताफ्यातली बरीच जहाजं इथेच बांधली गेली. लढाई जिंकून परतल्यावर त्या हिवाळ्यात खलाशी थंडीनं आणि देवीच्या साथीनं हैराण झाले, म्हणून त्या कोपऱ्याचं नाव मिझरी बे. माझ्या बाबांनी सगळ्या अमेरिकेत लक्षपूर्वक वाचलेली बहुधा ही एकच पाटी.

मुक्कामाची सोय पार्कात नाही, तंबूसुद्धा लावता येत नाही. प्रवेशाबाहेर खासगी कॅम्पग्राउंड आहे आणि गावात मोटेल आहेत. हिवाळ्यातही या, किनाऱ्यावर बर्फाच्या टेकड्या उभ्या राहतात. पण त्यांच्यावर चढू नका, आतून पोकळ असतात आणि खाली पाणी असतं.

सप्टेंबरच्या अखेरीस आलात तर परतण्याआधी पूर्वेला साधारण अर्ध्या तासावरच्या नॉर्थ ईस्ट नावाच्या गावाकडे जा. सरोवराच्या उबेमुळे तिथे पिकं करपवणारी थंडी उशिरा पडते, म्हणून मैलोन्‌मैल कॉन्कर्ड द्राक्षांचे मळे आहेत. गाडीची काच खाली केली की वासच येतो. आमचे नाशिकचे मित्र पहिला मणी तोंडात टाकून म्हणाले, “हे द्राक्ष नव्हे, सरबत आहे.” साल सुटी होऊन येते, बी असते, आणि जीभ जांभळी होते. टोपली मागच्या सीटवर पोरांच्या हाताशी ठेवू नका. आमची पिट्सबर्गला पोहोचेपर्यंत तळाला गेली होती.