घोडं कुठे अडतं? पाच माणसांना शेजारी बसवून वेबसाइटची चाचणी कशी घ्यावी

ठाण्याच्या नौपाड्यातला दवाखाना असो, घोडबंदर रोडवरून डबे पोचवणारं घरगुती किचन असो की नेरूळमधला क्लास, वेबसाइट किंवा ॲप आता सगळ्यांकडे असतं. ते तयार झालं की मालक लिंक घरच्यांना, मित्रांना, सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात आणि विचारतात, "कसं वाटतंय?" दहा अंगठे येतात, "मस्त!" येतं. या उत्तरातून काहीच कळत नाही, कारण त्यांनी स्क्रीन फक्त पाहिली, तिच्यावरून काम करून बघितलं नाही. दिसायला छान असलेल्या साइटवरून अपॉइंटमेंट मिळतेच असं नाही. ती मिळते का, हे कळायला वापरणाऱ्याच्या शेजारी बसावं लागतं. याला युझेबिलिटी टेस्ट म्हणतात. त्यासाठी मोठी कंपनी लागत नाही. एक मोकळी सकाळ, पाच माणसं, वही आणि चहा एवढं पुरतं.

उदाहरणासाठी नौपाड्यातल्या एका दवाखान्याची अपॉइंटमेंटची साइट घेऊ.

१. आधी कामं लिहून काढा

"साइट बघा आणि सांगा" असं म्हणू नका, काम द्या. तीन कामं पुष्कळ झाली. मात्र ती लिहिताना स्क्रीनवरचे शब्द वापरायचे नाहीत, आणि बरेचजण नेमके इथेच घसरतात. बटणावर "अपॉइंटमेंट बुक करा" असं लिहिलेलं असताना कागदावरही तेच लिहिलं, तर माणूस फक्त शब्दाला शब्द जुळवतो. त्यापेक्षा असं लिहा: "सासूबाईंचे गुडघे दुखताहेत. येत्या गुरुवारी संध्याकाळी त्यांना डॉक्टरांकडे न्यायचंय. या फोनवरून ते ठरवा."

दुसरं काम: "गुरुवारी अचानक पाहुणे येणार आहेत, आता शुक्रवारी जायचंय." वेळ बदलणं आणि रद्द करणं याकडे बनवणाऱ्यांचं लक्ष सगळ्यात कमी असतं, म्हणून हे काम वगळू नका. तिसरं: "तुम्ही कोपरीत राहता. स्टेशनवर आल्यावर कुठल्या बाजूला उतरायचं?" कोपरी ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, दवाखाना पश्चिमेला. पत्त्यात नुसतं "ठाणे" असेल आणि पश्चिम लिहिलेलं नसेल, तर ते इथे उघडं पडतं.

२. पाच माणसं जमवा

पाचच का? जेकब नील्सन आणि थॉमस लँडाउअर या युझेबिलिटीच्या अभ्यासकांनी १९९३ मध्ये याचं गणित मांडलं. त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांत एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी सापडत होत्या. दुसऱ्या-तिसऱ्या माणसाकडे त्यातल्या बऱ्याच पुन्हा दिसतात, आणि पाचव्यापर्यंत साधारण ८५ टक्के हाती येतात. हा आकडा नेमका तुमच्या साइटला लागू पडेलच असं नाही, पण दिशा पक्की आहे. पंधरा माणसं एकदम बसवण्यापेक्षा पाच बसवा, दुरुस्त करा आणि पुन्हा नवे पाच बसवा.

ही माणसं तुमच्या ऑफिसातली नकोत. दवाखान्यात खरोखर येणारी हवीत: वाचायचा चष्मा लावणारे आजोबा, कडेवर मूल असलेली आई, वागळे इस्टेटमध्ये शिफ्ट करणारा तरुण. एकतरी असा बघा की ज्याचा अख्खा फोन मराठीत आहे.

३. फोन त्यांचाच

तुमच्या नव्याकोऱ्या फोनवर सगळं नीटच दिसतं. त्यांच्या फोनवर अक्षरं मोठी केलेली असतात, काच तडकलेली असते, कीबोर्ड मराठी असतो. मोठ्या अक्षरांत ओळींमधली जागा पुरली नाही की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. जमलं तर एकाची चाचणी भर दुपारी तलावपाळीच्या कट्ट्यावर घ्या. ऑफिसात देखणी वाटणारी फिकट राखाडी अक्षरं उन्हात दिसेनाशी होतात. वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स या आंतरराष्ट्रीय नियमावलीत साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ एवढा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, सांगितला आहे. तो मोजणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात. बटणांच्या आकाराचाही नियम त्यात आहे, पण जाड अंगठ्याच्या काकांना "मागे" दाबताना "रद्द" दाबलं जातंय का, ते समोर बसून लगेच कळतं.

४. सुरुवातीचं बोलणं

असं काहीसं बोला: "काकू, आज परीक्षा या साइटची आहे, तुमची नाही. जे मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा. काय शोधताय, काय कळत नाही, काहीही. आम्हाला वाईट वाटेल याची काळजी करू नका." मोठ्याने विचार करायला लावण्याची ही पद्धत आयबीएममध्ये काम करणाऱ्या क्लेटन लुइस यांनी १९८२ मध्ये या क्षेत्रात रुजवली.

आपल्याकडे शेवटचं वाक्य फार गरजेचं आहे. बनवणारा समोर बसला असेल तर माणसं भिडेखातर गोड बोलतात. म्हणून शक्य असेल तर साइट बनवणाऱ्याने स्वतः चाचणी घेऊ नये, दुसऱ्याला बसवावं. आवाज किंवा स्क्रीन रेकॉर्ड करणार असाल तर आधी विचारा, आणि आजाराची माहिती खोटीच भरायला सांगा.

५. गप्प बसा

सगळ्यात अवघड काम हेच. काकू चुकीच्या जागी बोट नेतात आणि आपला हात शिवशिवतो. घरी आपण काय करतो? "आण इकडे" म्हणत फोन हातातून घेतो. इथे हात मागे ठेवायचा. काकू विचारतील, "इथे दाबू का?" उत्तर द्यायचं, "मी इथे नसते तर तुम्ही काय केलं असतं?" त्या थांबल्या तर मनात सावकाश दहापर्यंत मोजा. पुष्कळदा त्या शांततेतच त्या बोलायला लागतात.

एक वाक्य ऐकलं की वहीत जाड अक्षरात लिहायचं: "मलाच नाही जमत हो, नातू करून देतो." माणूस दोष स्वतःवर घेतोय, पण दोष स्क्रीनचा आहे. त्या क्षणी स्क्रीनवर काय होतं ते लगेच टिपून ठेवा.

६. काय टिपायचं

कारणं नंतर शोधा. आधी फक्त काय पाहिलं आणि काय ऐकलं ते लिहा. समजा, जन्मतारखेचा रकाना आहे. काकूंचा जन्म १९५५ चा, आणि कॅलेंडर उघडतं आजच्या महिन्यावर. त्या मागचा बाण दाबतात, एक महिना मागे. पुन्हा, पुन्हा. सत्तर वर्षं मागे जायला तो बाण ८४० वेळा दाबावा लागेल. वरच्या वर्षाच्या आकड्यावर बोट ठेवलं की वर्षांची यादी उघडते, पण तो आकडा साध्या मजकुरासारखा दिसतो, म्हणून कुणी तिथे बोट ठेवत नाही. दिवस, महिना, वर्ष टाइप करायचे तीन चौकोन दिले की हे संपतं. आणि खरं तर डॉक्टरांना आत्ता वयच हवंय. मग तेवढंच विचारा.

तसंच मोबाइल नंबरचं. मराठी कीबोर्डवरून काकांनी ९८ असे देवनागरी आकडे टाकले की साइट म्हणते "अवैध क्रमांक", आणि कधीकधी आधी भरलेलं सगळं पुसूनही टाकते. देवनागरी आकडे, मधल्या मोकळ्या जागा, सुरुवातीचे +९१ हे सगळं स्वीकारून आत बदलून घेणं प्रोग्रामरसाठी किरकोळ काम आहे. त्याच्याकडून ते करूनच घ्या. चूक दाखवायची असेल तर त्या रकान्याखाली दाखवा, आणि काय करायचं ते सांगा: "नंबर दहा आकडी हवा, तुम्ही नऊ आकडे टाकलेत."

पत्त्यात "रस्त्याचं नाव" सक्तीचं असेल तर नवी मुंबईकर हमखास अडतो. वाशी-नेरूळकडे पत्ता सेक्टर आणि प्लॉट नंबरवर चालतो. एकच मोठा मोकळा रकाना द्या.

७. त्याच संध्याकाळी यादी करा

आठवणी ताज्या असतानाच बसा. ज्यामुळे काम पूर्णच झालं नाही ते सगळ्यात वर, मग भले ते एकाच माणसाला नडलेलं असो. त्याखाली, काम झालं पण दमछाक झाली ते. "रंग आवडला नाही" हे तळाला. वरच्या तीन गोष्टी आधी दुरुस्त करा आणि नवी पाच माणसं बोलवा. जुन्यांना वाट आता पाठ झालेली असते.

दुसऱ्या फेरीच्या दिवशी दवाखान्याच्या काउंटरवर बसणाऱ्या ताईंसाठीही वेळ काढा. त्यांची स्क्रीन वेगळी आणि कामं वेगळी, म्हणून त्यांची चाचणीही वेगळी घ्यायची. काम त्यांना असं द्या: समोर तीन पेशंट उभे आहेत, फोन वाजतोय, आणि गुरुवारची वेळ शुक्रवारवर न्यायची आहे.