डिमिनिश्ड सेव्हन्थ कॉर्ड: चार स्वर आणि त्यांच्या पुढच्या वाटा

मेजर, मायनर आणि डॉमिनंट सेव्हन्थ हे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) हातात बसले की पियानोचा विद्यार्थी डिमिनिश्ड सेव्हन्थकडे वळतो, आणि बहुधा बाराही स्वरांवरचे कॉर्ड पाठ करण्यापासून सुरुवात करतो. माझा अनुभव असा की पाठांतराला येथे फारसे काम नाही. या कॉर्डमधला प्रत्येक स्वर पुढे कोठे जाऊ पाहतो, हे ओळखण्यातच खरा अभ्यास आहे.

घडण सरळ आहे. कोणताही स्वर घ्यावा आणि त्याच्यावर तीन-तीन सेमिटोनांच्या (सेमिटोन म्हणजे अर्धा स्वर, लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर) अंतराने आणखी तीन स्वर रचावेत. बीपासून निघाल्यास बी, डी, एफ आणि ए फ्लॅट मिळतात. ज्यांचा हात आधी पेटीवर बसलेला आहे, त्यांच्यासाठी ही पांढरी सात, पांढरी दोन, पांढरी चार आणि काळी चार होय. पांढरी एक षड्ज धरली तर शुद्ध निषाद, शुद्ध रिषभ, शुद्ध मध्यम आणि कोमल धैवत. ए फ्लॅटच्या वर आणखी तीन सेमिटोन गेले की पुन्हा बी येतो, म्हणजे सप्तकाचे चार समान भाग होतात आणि म्हणूनच पट्ट्यांच्या दृष्टीने असे कॉर्ड तीनच आहेत: सीवरचा, सी शार्पवरचा आणि डीवरचा. बाकीचे सगळे यांचीच इन्व्हर्जन्स, म्हणजे तेच स्वर, फक्त सर्वांत खाली वेगळा स्वर. कोणत्याही इन्व्हर्जनमध्ये सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर यांत नऊच सेमिटोन असल्यामुळे लहान हातालाही हा कॉर्ड पेलतो. उजव्या हाताला १-२-३-५ ही बोटे मला सर्वांत सोयीची वाटतात.

आता मुख्य गोष्ट. बी, डी, एफ, ए फ्लॅट हा कॉर्ड वाजवून लगेच सी मायनर वाजवावा आणि चारही स्वरांची हालचाल एकेक करून ऐकावी. बी अर्धा स्वर चढून सीवर जातो, ए फ्लॅट अर्धा स्वर उतरून जीवर येतो, एफ उतरून ई फ्लॅटवर, आणि डीला सी किंवा ई फ्लॅट या दोन्ही वाटा मोकळ्या असतात. पुढचा कॉर्ड सी मेजर असेल तर ई फ्लॅटच्या जागी ई येईल, एवढाच फरक. प्रत्येक स्वर गाऊन पाहिल्याशिवाय ही ओढ नीट कळत नाही, असे माझे ठाम मत आहे. नुसत्या बोटांना ती कळत नाही.

याच ओढीमुळे स्वरलेखनाला येथे इतके महत्त्व आहे. ए फ्लॅट आणि जी शार्प यांची पट्टी एकच, पण ए फ्लॅट लिहिलेला स्वर जीकडे उतरतो आणि जी शार्प लिहिलेला ए या स्वराकडे चढतो. त्याच चार पट्ट्या जी शार्प, बी, डी, एफ अशा लिहिल्या की त्या ए मायनरकडे नेतात. बेटोव्हेनने १७९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पाथेटिक’ सोनाटाच्या पहिल्या भागात हेच केले आहे. सुरुवातीचा संथ भाग मध्येच जी मायनरमध्ये परत येतो. तेथे एफ शार्प, ए, सी, ई फ्लॅट या कॉर्डमधला ई फ्लॅट पुढे डी शार्प म्हणून लिहिला जातो, आणि संगीत ई मायनरमध्ये पोहोचते. कानाला कॉर्ड तोच असतो, बदलते ते त्याचे गंतव्य. मला स्वतःला या कॉर्डविषयी जे प्रेम वाटते, त्याचे मूळ या काही मापांत (स्वरलेखनातल्या बारमध्ये) आहे.

नवशिक्याने मात्र बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाविअर’च्या पहिल्या खंडातील (१७२२) सी मेजर प्रेल्यूडपासून आरंभ करावा, कारण त्यात जवळजवळ प्रत्येक माप म्हणजे एकच कॉर्ड सुटा करून वाजवलेला आहे. बाराव्या मापात सी शार्पचा डिमिनिश्ड सेव्हन्थ येतो आणि तेराव्यात डी मायनरवर विसावतो. चौदाव्यात बीचा येतो आणि पंधराव्यात सी मेजरवर विसावतो. दोन्ही वेळा मूळ स्वर खाली नाही, खर्जात अनुक्रमे जी आणि एफ आहेत, आणि ते एकेक पायरी उतरत जातात. ही चार मापे स्वर एकत्र दाबून, अगदी सावकाश, वाजवावीत. पुढे बाविसाव्या मापात एफ शार्पचा कॉर्ड भेटतो, तोवर कानाला त्याची ओळख पटलेली असते.

गाण्याला साथ करणाऱ्यांना आणखी एक उपयोग लवकर हाती लागतो. सी मेजरवरून डी मायनरवर जाताना मध्ये सी शार्पचा डिमिनिश्ड सेव्हन्थ घेतला की खर्ज सी, सी शार्प, डी असा अर्ध्या-अर्ध्या स्वराने चढतो. ठोका मात्र दुबळा निवडावा. जोरकस ठोक्यावर हा कॉर्ड गायकाच्या स्वरावर कुरघोडी करतो.

यानंतरच स्वरपट्टी बदलण्याच्या युक्तीकडे वळावे. बी, डी, एफ, ए फ्लॅट यांतला कोणताही एकच स्वर अर्धा स्वर उतरवला की तो उतरलेला स्वर मूळ असलेला डॉमिनंट सेव्हन्थ तयार होतो: ए फ्लॅट उतरवला तर जी सेव्हन्थ, बी उतरवला तर बी फ्लॅट सेव्हन्थ, डी उतरवला तर डी फ्लॅट सेव्हन्थ आणि एफ उतरवला तर ई सेव्हन्थ. या चारांवरून अनुक्रमे सी, ई फ्लॅट, जी फ्लॅट आणि ए येथे जाता येते. उरलेल्या दोन कॉर्डवरही हाच सराव करावा, आणि प्रत्येक वेळी पुढच्या कॉर्डवर पोहोचूनच थांबावे.