बारीक आट्यांसाठी मशीन टॅप कसा निवडावा

दुकानात जाऊन "एम दहाचा टॅप द्या" म्हटलं, की समोरचा माणूस एम१०×१.५ चा, म्हणजे होलात १० मिमी व्यासाचे आणि १.५ मिमी पिचचे आटे पाडणारा टॅप हातात ठेवतो. त्याचं बरोबरच असतं. पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, सांगितला नाही, तर जाडा पिच धरायचा असा रिवाज आहे. पण ब्रेकच्या बँजो बोल्टला एम१०×१.२५ किंवा एम१०×१ लागतो, मोटारसायकलच्या स्पार्क प्लगला बऱ्याचदा एम१०×१, ऑइल ड्रेन प्लगला एम१२×१.५ किंवा एम१४×१.५. भोसरी-चाकणच्या लहान शॉपमध्ये असे बारीक आटे रोज पडतात, आणि रिजेक्शनचा मोठा वाटा तिथेच निघतो. जाड्या पिचचे आटे चुका पोटात घालतात, बारीक पिचला तेवढी जागाच नसते. म्हणून टॅप पुढच्या क्रमाने निवडावा.

पहिली पायरी: पिच पक्का करा

एम१२ ला १.७५, १.५ आणि १.२५ असे तीन पिच सर्रास चालतात. ड्रॉइंग असेल तर त्यावरचं वाचा. नसेल, तर बसणारा बोल्ट मागवा आणि त्याला पिच गेज लावा. नुसत्या डोळ्याने १.२५ आणि १.५ वेगळे ओळखता येतात असं वाटतं, पण तेलकट बोल्टवर नजर फसते.

इथे एक सापळा नक्की सांगायचा आहे, कारण मी स्वतः त्यात अडकलो होतो. ड्रॉइंगशिवाय एक जुना प्रेशर स्विच आला होता. व्हर्नियरवर आट्यांचा व्यास ९.७ भरला. मी तो झिजलेला एम१०×१ धरला आणि आठ ब्लॉकना टॅप मारून बसलो. तो निघाला १/८ बीएसपी, म्हणजे पाइपाचा इंची आटा. त्याचा व्यास ९.७२८ आणि इंचाला २८ आटे, म्हणजे पिच ०.९०७. दोन-तीन आटे तो छान चढतो आणि मग अडकतो. चांगल्या एम१०×१ बोल्टचा बाहेरचा व्यास ९.७९ च्या खाली जात नाही, एवढं लक्षात असतं तर ते आठ ब्लॉक वाचले असते.

दुसरी पायरी: होल आरपार की बंद?

टॅपचा आकार सगळ्यात जास्त या प्रश्नावर ठरतो, कारण कापलेली चिप कुठे जाणार ते यावरून कळतं.

आरपार होलला स्पायरल पॉइंटचा टॅप घ्या. याला आपल्याकडे गन नोज म्हणतात. तो चिप पुढे ढकलतो, ती खालून पडून जाते आणि फ्लूट, म्हणजे टॅपवरची खाच, मोकळी राहते. अशा टॅपचा गाभाही जाड असतो, म्हणून तो मजबूत. मात्र होलच्या खाली मोकळी जागा हवी. जॉबखाली प्लेट चिकटून असेल तर चिप तिथेच गोळा होते आणि टॅप मोडतो.

बंद होलला स्पायरल फ्लूटचा टॅप हवा. तो चिप वर ओढून बाहेर काढतो. लीड म्हणजे पुढचा उतरता भाग किती आट्यांचा आहे तेही बघा. सी लीड दोन ते तीन आट्यांची, ई लीड दीड ते दोन आट्यांची. एम१०×१.२५ ला सी लीड म्हणजे २.५ ते ३.७५ मिमी. तेवढ्या खोलीत पूर्ण आटे मिळणार नाहीत, म्हणून होल तेवढं जादा खोल पाडावं लागतं. तळाशी जागाच नसेल तरच ई लीड घ्या. कमी दातांवर सगळा भार येतो आणि धार लवकर जाते.

तिसरी पायरी: धातू कोणता?

बिडाची चिप लांब निघत नाही, भुगा होतो. तिथे सरळ फ्लूटचा, नायट्राइड केलेला टॅप उत्तम, होल बंद असलं तरी. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगला मी दुसरा टॅप लावत नाही. एमएस किंवा ईएन ८ पोलादाला एचएसएस-ई, म्हणजे कोबाल्ट असलेल्या हायस्पीड स्टीलचा टॅप, वर टीआयएन किंवा टीआयसीएन कोटिंग. एसएस ३०४ काम करता करता कडक होतो, म्हणून तिथे धार तीक्ष्ण हवी, स्पीड कमी हवा आणि मध्ये थांबायचं नाही. ॲल्युमिनियमला कोटिंग नसलेला, चकचकीत पॉलिश फ्लूटचा टॅप चांगला चालतो. टीआयएएलएन कोटिंग तिथे टाळा, त्याला ॲल्युमिनियम चिकटतो.

धातू मऊ आणि ताणणारा असेल तर फॉर्म टॅपचाही विचार करा. तो कापत नाही, धातू दाबून आटे उठवतो, त्यामुळे बंद होलमध्ये चिपची कटकटच उरत नाही. बिडाला तो चालत नाही. त्याला होलही मोठं लागतं: एम१०×१.२५ साठी ८.८ नव्हे, ९.४ च्या आसपास. टॉर्क बराच जास्त येतो, तेलाशिवाय त्याला हात लावू नका.

चौथी पायरी: क्लास

शँकवर, म्हणजे टॅपच्या दांड्यावर, ६एच किंवा आयएसओ २ लिहिलेलं असतं. आट्यांच्या मापात किती सवलत आहे, ते हा क्लास सांगतो. नेहमीच्या कामाला तोच घ्या. जॉबला नंतर प्लेटिंग होणार असेल तर थांबा. आट्यांच्या तिरक्या बाजूंमुळे प्लेटिंगच्या जाडीच्या चौपट फरक पिच व्यासात, म्हणजे आट्यांच्या मधल्या उंचीवरच्या व्यासात, पडतो. ८ मायक्रॉन झिंक चढलं, की होलचा पिच व्यास ०.०३२ मिमीने आवळतो. अशा वेळी किंचित मोठे आटे पाडणारा ६जी घ्यावा लागतो. प्लेटरला जाडी विचारा आणि मगच टॅप मागवा.

पाचवी पायरी: टॅप कोणत्या मशीनवर चालणार?

हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि बारीक आटे इथेच बिघडतात.

टॅपने एका फेरीत बरोबर एक पिच पुढे जायला हवं. ड्रिल मशीनचा स्पिंडल जड असेल, किंवा ऑपरेटरने हँडलवर जोर धरला, तर टॅप किंचित पुढे-मागे ओढला जातो आणि आट्याची एक बाजू तासतो. आट्याचा कोन ६० अंशांचा असल्यामुळे टॅप ०.१ मिमी सरकला, की पिच व्यास सुमारे ०.१७ मिमीने मोठा झाल्यासारखा होतो. एम१०×१ च्या ६एच आट्यांना पिच व्यासात एकूण सवलत किती? ९.३५० ते ९.५००, म्हणजे ०.१५. संपलं. टॅप नवा, ड्रिल बरोबर, तरी नो-गो गेज, जे आत जायलाच नको, ते सरळ आत जातं. मग आपण टॅप मोठा आला म्हणून दुकानदाराशी भांडत बसतो.

म्हणून रेडियल किंवा पिलर ड्रिलवर बारीक पिचचे आटे पाडायचे असतील, तर दोन्ही बाजूंना खेळणारा टॅपिंग अटॅचमेंट वापरा, आणि सुरुवातीला टॅप पकडला की हँडलवरचा जोर काढून घ्या. त्याला त्याच्या चालीने जाऊ द्या. स्पायरल फ्लूटही इथे जपून निवडा. ४० अंशांचा तीव्र पीळ असलेला टॅप मऊ धातूत स्वतःलाच पुढे ओढतो. अशा मशीनवर होल उथळ असेल तर १५ अंशांचा पीळ जास्त सुरक्षित.

व्हीएमसीवर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर, रिजिड टॅपिंग (स्पिंडलचे फेरे आणि फीड मशीनच जुळवतं) असेल तर हा त्रास खूप कमी होतो, फक्त फीड, म्हणजे टॅप पुढे जाण्याचा वेग, अचूक द्या. एमएसमध्ये एम१० चा टॅप १० मीटर प्रति मिनिट चालवायचा, तर फेरे ३१८ येतात. गोल आकडा हवा म्हणून ३२० घ्या. १.२५ पिचला फीड ४०० मिमी प्रति मिनिट. जुन्या प्रोग्रॅममधला १.५ चा फीड तसाच राहिला, तर पहिल्याच होलात टॅप जातो. एसएसला अर्धा स्पीड ठेवा.

एक गोष्ट मात्र बारीक पिचच्या बाजूची आहे. टॉर्क साधारण पिचच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. एम१०×१ ला एम१०×१.५ च्या निम्म्याहून कमी टॉर्क लागतो आणि टॅपचा गाभाही जाड असतो. त्यामुळे बारीक पिचचा टॅप सहसा मोडत नाही. तो शांतपणे चुकीचे आटे पाडतो, आणि म्हणूनच त्याच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं.

सहावी पायरी: ड्रिल मोजून घ्या

सोपा हिशोब: व्यासातून पिच वजा करा. एम१०×१ ला ९.०, एम१२×१.५ ला १०.५, एम१४×१.५ ला १२.५. एम१०×१.२५ ला ८.७५ येतो, बाजारात ८.८ चं ड्रिल सहज मिळतं आणि ते चालतं. पण त्या होलची कमाल मर्यादा ८.९१२ आहे. हाताने धार लावलेलं, एका बाजूला ओढणारं ड्रिल होल ०.१ ने सहज मोठं पाडतं. पिच १ असेल तर आट्याची पूर्ण उंची जेमतेम ०.५४ मिमी असते. त्यातला प्रत्येक बाजूचा ०.०५ गेला तरी जवळजवळ दहावा हिस्सा गेला. म्हणून पहिलं होल पाडलं की प्लग गेजने किंवा बोअर गेजने मोजा, तोंडाला चॅम्फर मारा, मगच टॅप लावा.

सातवी पायरी: मागणी नीट लिहा आणि एक तुकडा वाया घालवा

दुकानात किंवा फोनवर पूर्ण वाक्य सांगा: "एम१०×१.२५, ६एच, स्पायरल फ्लूट, सी लीड, एचएसएस-ई, डिन ३७४." डिन ३७४ हे बारीक पिचच्या बारीक शँकवाल्या टॅपचं जर्मन प्रमाण आहे, ३७६ हे त्याचं जाड्या पिचचं भावंड. टॅप आल्यावर शँकवरचं मार्किंग भिंगाने वाचा आणि वेगवेगळ्या पिचच्या टॅपांना वेगवेगळ्या रंगाचा ठिपका लावून ठेवा. एकाच ट्रेमध्ये एम१२ चे तीन पिच मिसळले की कुणीतरी कधीतरी चुकतोच.

मग त्याच धातूच्या भंगार तुकड्यावर, त्याच मशीनवर, त्याच तेलात दोन-तीन होल टॅप करा. गो गेज पूर्ण खोलीपर्यंत हाताने जायला हवं, नो-गो दोन फेऱ्यांपेक्षा जास्त नको. नो-गो गेलं तर टॅप बदलण्याआधी पाचव्या पायरीकडे परत या.

आणि ऑर्डर देण्याआधी कोलेट, म्हणजे शँक धरणारी पकड, बघा. डिन ३७४ च्या एम१० टॅपची शँक ७ मिमी असते, जाड शँकवाल्या डिन ३७१ ची १० मिमी. टॅप आला आणि धरायला कोलेट नाही, म्हणून तयार सेटअप दुपारभर उभा राहिलेला मी पाहिला आहे.