हर्बल पेस्टने कवळी घासायची असेल तर

कवळीचा गुलाबी भाग अ‍ॅक्रिलिकचा असतो आणि बहुतेक कवळ्यांचे दातही. दातांवरच्या कठीण आवरणाच्या, म्हणजे इनॅमलच्या तुलनेत हे प्लॅस्टिक फारच मऊ, त्यामुळे दातांना सोसणारी पेस्ट कवळीला सोसेलच असे नाही. ‘हर्बल’ या शब्दावरून पेस्टमध्ये लवंग, पुदिना किंवा कडुनिंब आहे एवढेच कळते. डाग काढते ती बहुधा कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे खडूची पूड किंवा सिलिका. कवळीवर ओरखडेही तिचेच.

म्हणून आधी घटकांची यादी वाचा. कोळसा, मीठ किंवा ‘दात शुभ्र करणारी’ असा दावा दिसला तर ती पेस्ट कवळीसाठी नको. हळदही टाळा, पिवळेपणा चढतो. मग जुन्या पारदर्शक प्लॅस्टिक डबीच्या झाकणावर वाटाण्याएवढी पेस्ट घेऊन ओल्या मऊ ब्रशने शंभरेक वेळा घासा, धुवा आणि झाकण उजेडात तिरके धरा. घासलेली जागा धुरकट दिसली, तर पेस्ट बाद.

१. बेसिनमध्ये चार बोटे पाणी भरा. हातातून निसटली तरी कवळी फुटणार नाही.

२. कवळी कोमट पाण्यात खळबळा. उकळते पाणी नको, आकार बिघडतो.

३. कवळीच्या मऊ ब्रशने, अगदी थोड्या पेस्टने, हलक्या हाताने सगळ्या बाजू घासा. खालची कवळी मुठीत आवळू नका, मधोमध तडकते.

४. खाचांतली पेस्ट पूर्ण निघेपर्यंत धुवा. राहिली तर हिरड्या चुरचुरतात.

५. रात्री कवळी साध्या पाण्यात ठेवा.

खरा घोटाळा सावकाश होतो. पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा साधारण ०.२ मायक्रोमीटरच्या पुढे गेला की जंतूंचा थर जास्त जमू लागतो. ओरखड्यांत कॅन्डिडा बुरशीलाही आसरा मिळतो. चकाकी गेलेली कवळी लवकर डागाळते, डाग दिसला की माणूस आणखी जोर लावतो, आणि ओरखडे वाढतच जातात. रोजच्या वापराला भांड्यांच्या सौम्य द्रव साबणाचा एक थेंब पेस्टपेक्षा बरा, हे आमचे स्पष्ट मत.

कीट धरली असेल तर ती खरवडू नका. खडबडीत झालेली कवळी घरी पॉलिश पेपरने घासू नका; दंतवैद्याकडे ती पॉलिश करून मिळते. आतून मऊ अस्तर लावलेले असेल, तर त्यावर कोणतीच पेस्ट नको.